दुसऱ्याच्या धडकेने माझं विमान १५७ दिवस जमिनीवर बसलं. वापर बुडाल्याची भरपाई मागता येते का? (कॅलिफोर्निया)

उडता_सातारकर, २० जुलै

नमस्कार. प्रश्न लांबला आहे, पण तारखा आणि आकडे दिल्याशिवाय कोणी नीट सांगू शकणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

माझं १९७८ चं पायपर आर्चर आहे. चार जणांचं, एका इंजिनाचं, १८० अश्वशक्तीचं. २०१६ मध्ये कर्ज काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बेमधल्या एका विमानतळावर उघड्यावरच बांधलेलं असतं. हँगरचं भाडं मला झेपत नाही. ४ फेब्रुवारीला दुपारी शेजारच्या ओळीतलं दोन इंजिनांचं एक विमान टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवर चाकांवर चालत, वळलं आणि त्याच्या पंखाचं टोक माझ्या विमानाच्या शेपटीला लागलं. मी ऑफिसात होतो. विमान दोरांनी बांधलेलं, चाकांना ठोकळे, आत कोणी नाही. चूक कोणाची यावर वाद नाही. त्या वैमानिकाने स्वतः फोन केला, माफी मागितली, विमा कंपनीचा नंबर दिला. माणूस सज्जन आहे.

बाहेरून नुकसान एवढंसंच दिसत होतं. आर्चरच्या शेपटीचा आडवा पंख अख्खाच्या अख्खा हलतो, त्याला स्टॅबिलेटर म्हणतात. त्याची डावी बाजू चेपली होती, बस. पण मेकॅनिकने मागचं झाकण काढून टॉर्च मारला तेव्हा बिजागरीचा ब्रॅकेट ज्यावर बसतो त्या बल्कहेडला, म्हणजे सांगाड्याच्या आतल्या आडव्या चौकटीला, चीर दिसली. ती पाहिल्यावर उडण्याचा विषयच संपला. स्टॅबिलेटर जुन्या विमानांच्या यार्डात मिळाला, बल्कहेडच्या भागाला मात्र अकरा आठवडे लागले. मग रिव्हेटचं काम, रंग, कंट्रोलचं संतुलन, मोठ्या दुरुस्तीच्या नोंदीचा ३३७ नंबरचा फॉर्म, इन्स्पेक्टरची सही. ११ जुलैला विमान हातात आलं. १५७ दिवस. बिल २३,४०० डॉलर.

समोरच्याची विमा कंपनी दुरुस्तीचे पैसे द्यायला तयार आहे. चेकच्या आधी एक कागद पाठवलाय, सही करून मागतात. 'या घटनेतून उद्भवणारे सर्व दावे पूर्ण व अंतिमतः मिटले' अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. मी विचारलं, पाच महिने विमान वापरता आलं नाही त्याचं काय? ॲडजस्टर, म्हणजे त्यांचा दावे बघणारा माणूस, फोनवर म्हणाला, "हे हौसेचं विमान आहे. त्यातून तुमचं उत्पन्न नव्हतं. त्यामुळे दुरुस्तीपलीकडे तुमचं काही बुडालेलं नाही."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझ्याकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमांचा भाग ६१, कलम ११३ सांगतं की मी प्रवासी नेऊन पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे कमाई करायची नाही हा कायदा, आणि कमाई नाही म्हणून नुकसान नाही हा विमा कंपनीचा हिशेब. मग माझ्यासारख्याचं विमान कोणीही वर्षभर पाडून ठेवावं आणि फक्त पत्रा बदलून द्यावा?

वापर काय होता तेही सांगतो. एंजल फ्लाइट वेस्ट ही संस्था दूरच्या गावांतल्या रुग्णांना स्वयंसेवक वैमानिकांकरवी मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांपर्यंत फुकट पोहोचवते. इंधनाचा खर्च वैमानिकाचा. मी महिन्यातून एकदा, कधी दोनदा जातो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडिंगहून इकडे यायला गाडीने चार तास, आर्चरने दीड. केमो घेऊन परतणाऱ्या माणसाला हा फरक काय असतो ते मी मागच्या सीटकडे वळून पाहिलेलं आहे. फेब्रुवारी ते जुलै मी चार फेऱ्यांना नाही म्हटलं. उरलेलं उडणं माझं स्वतःचं, मुलीच्या कॉलेजपर्यंत, किनाऱ्यावर, आणि सराव.

साताऱ्याला वडिलांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बैल लंगडा केला आणि औषधाचे पैसे दिले म्हणजे झालं का? पेरणी कुणाच्या बैलाने करायची?" मला इतकं नेमकं मांडता आलं नव्हतं.

आता प्रश्न. खाजगी वापराच्या विमानाची अशी भरपाई कॅलिफोर्नियात मिळते का? मी सलग भाड्याने विमान घेतलेलं नाही, फक्त मे महिन्यात क्लबचं आर्चर दोनदा घेतलं, एकूण ६.२ तास. त्याने दावा कमकुवत होतो का? आणि आकडा कसा काढायचा? एका मित्राने सांगितलं, क्लबचा दर तासाला १८५ डॉलर, दिवसाला किमान तीन तास लावतात, म्हणजे ५५५ गुणिले १५७, ८७,१३५ डॉलर. विमानाचीच किंमत जवळपास तेवढी असेल. हे माझ्याच मनाला पटत नाही. टॅकोमीटरप्रमाणे मागच्या २४ महिन्यांत विमान १८८ तास चाललंय.

कागदावर सही अजून केलेली नाही.

मृणाल_सॅक्रामेंटो, २० जुलै

सही करू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, हे आधी.

मी २६ वर्षं क्लेम्समध्ये होते, आधी गाड्या, मग बोटी. वकील नाही. त्या कागदाऐवजी 'फक्त दुरुस्तीच्या खर्चापुरतं' असं लिहिलेला कागद मागा. मिळतो, मागावा लागतो. आणि चेकवर किंवा सोबतच्या पत्रात 'पूर्ण व अंतिम' असं असेल तर तो बँकेत भरू नका. वादातल्या रकमेचा तसा चेक वटवला की उरलेला दावा मिटला असं धरलं जाऊ शकतं.

'हौसेचं' हा शब्द कुठून येतो ते मला माहीत आहे, कारण बोटींच्या क्लेममध्ये आम्ही तो रोज वापरायचो. १८९७ चा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, काँकरर नावाच्या वाफेच्या यॉटचा. व्हँडरबिल्ट घराण्यातल्या एकाने ती इंग्लंडमध्ये घेतली, न्यूयॉर्कच्या कस्टम्सने अडकवून ठेवली. कोर्टाने म्हटलं, यॉट भाड्याने देऊन खरोखर कमाई बुडाली असं दिसत नाही, तर अडकून पडल्याच्या दिवसांचे पैसे नाहीत. समुद्री कायद्यात ते सूत्र अजून चालतं. २००० साली अकराव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टानेही खाजगी बोटीच्या बाबतीत तेच धरलं.

पण तुमचं विमान टारमॅकवर उभं होतं! त्याला समुद्री कायदा लागायचं कारण काय? १९६८ मध्ये क्लीव्हलंडच्या बर्क लेकफ्रंट विमानतळावरून एक खाजगी जेट उडालं, सीगल पक्ष्यांचा थवा इंजिनांत गेला आणि ते लेक ईरीत बुडालं. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पाण्यात पडलं एवढ्यावरून हे समुद्री प्रकरण होत नाही. तिथे पाण्यात बुडालेलं विमान सुटलं, तुमचं तर दोरांनी जमिनीला बांधलेलं होतं.

तुमच्याकडे लागतो कॅलिफोर्नियाचा साधा नुकसानभरपाईचा कायदा. ज्युरीला द्यायच्या सूचनांत ३९०३-एम ही अख्खी सूचना वस्तूचा वापर बुडण्यावरच आहे. दोन निकाल लिहून ठेवा. पहिला रेनॉल्ड्स विरुद्ध बँक ऑफ अमेरिका, १९५९, कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्ट, आणि तो विमानाचाच आहे. विमान पूर्ण नष्ट झालं होतं. जुनं मत असं की वस्तू दुरुस्त होणार असेल तरच वापराची भरपाई, नष्ट झाली तर फक्त किंमत. कोर्टाने तो भेद काढून टाकला. दुसरा मालिन्सन विरुद्ध ब्लॅक, १९४८, मोटारगाडीचा. तशाच वस्तूच्या भाड्यावरून मोजायचं, आणि प्रत्यक्ष भाड्याने घेतलीच पाहिजे अशी अट नाही. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कमकुवत होत नाही. उलट मेमधल्या पावत्यांनी दर सिद्ध होतो आणि गरजही.

फोनवरचा नकार हा नकार नसतो. लेखी मागा, कारणासह. पुराव्यासकट दावा पोहोचला की ४० दिवसांत होय किंवा नाही लेखी कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

विनय_क, २१ जुलै

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. दुरुस्तीचे २३,४०० मिळतायत, समोरचा माणूस सरळ आहे, विमान परत उडतंय. गाडी पाच महिने बंद पडली तर नोकरी जाते. विमान बंद पडलं तर शनिवार जातो. दोन्हींना एकच तराजू लावणं मला बरोबर वाटत नाही. अशा दाव्यांनी शेवटी सगळ्यांचे हप्ते वाढतात, आणि छोट्या विमानांचा विमा आधीच महाग आहे.

उडता_सातारकर, २१ जुलै

राग नाही, विनय. हप्त्याचा मुद्दा खरा आहे, माझाही दरवर्षी वाढतो. पण शनिवार जातो तो माझा जातो, आणि त्या शनिवारासाठी मी पाच महिने टाय-डाउनचं, म्हणजे विमान बांधायच्या जागेचं, भाडं, विम्याचा हप्ता, कर्जाचं व्याज भरत होतो. वापर शून्य, खर्च पूर्ण. हे मी न मागता सोडलं तर ते मीच सोसणार. चूक ज्याची त्याच्या विम्याने ते सोसावं एवढंच म्हणणं आहे. ८७ हजार मला नकोतच.

मृणालताई, फार आभार. लेखी पत्र आज पाठवलं.

रिव्हेट_सॅन_अँटोनियो, २१ जुलै

मी इथे विमानांचा मेकॅनिक आहे, इन्स्पेक्शनची सही मीच करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे असे हिशेब पाहिलेत. टेक्सासमध्ये २०१६ पर्यंत वस्तू पूर्ण गेली तर वापराची भरपाई नव्हती. एका टोइंगवाल्याचा ट्रक दुसऱ्याच्या चुकीने गेला, ज्युरीने २८ हजार दिले, आणि टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने ते कायम केले. त्याच निकालात बजावलंय की कालावधी वाजवी हवा, अंदाजपंचे नको. हाच मुद्दा तुमच्याकडेही येणार, म्हणून हिशेब घट्ट करा.

मित्राचा हिशेब फाडून टाका. तुम्ही रोज तीन तास उडत नव्हता. तुमचं लॉगबुकच साक्षीदार आहे. पण १८८ तास टॅकचे आहेत. टॅक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, टॅक्सी करताना आणि कमी पॉवरला मागे पडतो. क्लब भाडं लावतो हॉब्ज मीटरवर, तो घड्याळासारखा चालतो. तुमच्या विमानात हॉब्ज असेल तर तोच आकडा घ्या, नाहीतर संत्र्यांचा भाव सफरचंदांना लागेल.

दुसरं, १८५ डॉलरमध्ये इंधन धरलंय ना? मग तुमचं न जळलेलं इंधन वजा करा. इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी तासाला काही बाजूला टाकत असाल तर तेही, कारण ते तास तुमच्या इंजिनावरून गेले नाहीत. स्वतःहून वजा केलंत की समोरच्याला खोडायला काही उरत नाही. टाय-डाउन, हप्ता, व्याज हे भाड्याच्या वर वेगळं मागू नका, एकाच गोष्टीचे दोनदा पैसे होतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १५७ दिवसांची डायरी करा. कोणता दिवस कशात गेला? पार्टची वाट पाहण्यात गेलेले दिवस त्यांच्या खात्यावर. तुम्ही निर्णय घ्यायला लावलेले तुमच्या. आणि त्यांचा सर्व्हेअर किती दिवसांनी आला ते नक्की लिहा. मेकॅनिककडून पार्टच्या ऑर्डरची तारीख लेखी घ्या.

निवृत्त_विमावाला_पुणे, २२ जुलै

अमेरिकेतला कायदा मला माहीत नाही, पण एक घोळ इथेही रोज होतो म्हणून लिहितो. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत स्वतःच्या नुकसानीच्या भागात आनुषंगिक नुकसान वगळलेलं असतं. टॅक्सीवाले विचारायचे, गाडी महिनाभर गॅरेजात, माझ्या धंद्याचं काय? पॉलिसीत नाही, हे उत्तर बरोबर. पण ते उत्तर त्याच्या स्वतःच्या विमा कंपनीचं. ज्याने ठोकलं त्याची जबाबदारी पॉलिसीने ठरत नाही, कायद्याने ठरते. तुमच्याही विमानाच्या पॉलिसीत वापराचं नुकसान वगळलेलं असणार. त्या कलमाकडे कोणी बोट दाखवलं तर गोंधळू नका.

उडता_सातारकर, २७ जुलै

काका, अगदी तसंच झालं! ॲडजस्टरने माझ्याच पॉलिसीचं उदाहरण दिलं. तुमचं वाक्य मी जवळजवळ जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

नवा हिशेब असा. हॉब्जवर २४ महिन्यांत २१८ तास, म्हणजे १५७ दिवसांचे ४७. क्लबचा दर १८५. त्यातून इंधनाचे ६६ वजा (तासाला ९.७ गॅलन, गॅलनला ६.८०) आणि इंजिनासाठीचे १५ वजा. उरले १०४. ४७ तासांचे ४,८८८. क्लबचं विमान घेण्याआधी त्यांच्या प्रशिक्षकाबरोबर उडून दाखवावं लागलं त्याचे २४०, पावती आहे. एकूण ५,१२८ डॉलर. मेमधले ६.२ तास या ४७ मध्येच धरलेत, वेगळे नाहीत.

डायरी करताना एक गोष्ट मला टोचली. रंग फक्त शेपटीला द्यायचा की जुना पट्टा पुढपर्यंत जुळवायचा यात मी जवळपास तीन आठवडे घालवले. ते मी पत्रात लपवलेलं नाही. त्यांचा सर्व्हेअर मात्र २६ दिवसांनी आला आणि तोवर मेकॅनिकला रिव्हेटला हात लावता येत नव्हता, तेही लिहिलं.

आता अडचण दुसरीच आहे. त्यांनी नाहीच म्हटलं तर दावा कोणावर करायचा? विमा कंपनीवर की त्या वैमानिकावर? तो रोज समोरच्या ओळीत भेटतो. मार्चमध्ये माझ्या विमानावरचं आवरण वाऱ्याने फाटलं ते त्यानेच न सांगता बांधून ठेवलं होतं. त्याला कोर्टाचा कागद पाठवायला माझा हात धजणार नाही.

मृणाल_सॅक्रामेंटो, २७ जुलै

हिशेब उत्तम. मी खुर्चीत असते तर यावर वाद घालायला मला फार कमी जागा मिळाली असती.

तुमच्या अडचणीचं खरं उत्तर असं की निकाल लागेपर्यंत इथे समोरच्याच्या विमा कंपनीवर थेट दावा लावता येत नाही. कागदावर नाव त्या वैमानिकाचंच येणार. स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, वकील आणता येत नाही, तुम्ही दोघंच न्यायाधीशासमोर उभे राहणार. दुरुस्तीचे पैसे आधी हातात घ्या, उरलेला दावा मर्यादेत बसतो. एका घटनेचे दोन तुकडे करून दोनदा कोर्टात मात्र जाता येत नाही. घाई नाही, वस्तूच्या नुकसानीला तीन वर्षांची मुदत आहे.

पण तिथवर जायच्या आधी त्याच्याशी चहा घ्या. त्याला सांगा, "तुझ्या विमा कंपनीने हे दिलं नाही तर मला तुझं नाव लिहावं लागेल आणि मला ते नकोय." हप्ते त्याने भरलेत, कंपनी त्याची आहे. विमाधारकाने स्वतः लिहिलेलं पत्र ॲडजस्टरच्या टेबलावर वेगळं वजन घेऊन येतं. मी अशी पत्रं वाचलेली आहेत.

उडता_सातारकर, १४ सप्टेंबर

बरेच जण विचारत होते म्हणून लिहितो.

त्याच्याशी बोललो. चहा नाही, त्याच्या हँगरसमोर खुर्च्या टाकून कॉफी. त्याला वाटत होतं कंपनीने सगळं केव्हाच मिटवलंय. त्याने त्याच संध्याकाळी त्यांना लिहिलं की धडक माझ्या हातून झाली, याचं विमान फेब्रुवारीपासून बसून होतं हे मी रोज पाहत होतो, याचा दावा नीट बघा.

दुरुस्तीचा चेक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला, 'फक्त दुरुस्तीपुरतं' लिहिलेल्या कागदासकट. वापराबद्दल आधी लेखी नकार आला, त्यात 'प्लेझर क्राफ्ट', म्हणजे हौसेचं वाहन, हे दोन शब्द होते. मी क्लीव्हलंडच्या जेटचा आणि १९५९ चा असे दोन्ही निकाल लिहून उत्तर दिलं, एका पानात. मग २,००० ची ऑफर आली. मी हिशेबाचं पान पुन्हा पाठवलं आणि विचारलं की यातली कोणती ओळ चूक आहे ते सांगा. त्यांनी एकच ओळ काढली, रंगाचे तीन आठवडे. ते त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या सर्व्हेअरचे २६ दिवस पुढे ठेवले. ४,७०० वर मिटलं. या वेळी 'पूर्ण व अंतिम'वर सही केली, कारण आता ते खरं होतं.

विमानाच्या कागदोपत्री आता मोठ्या दुरुस्तीची नोंद कायमची आहे आणि विकताना किंमत कमी येईल. तो मुद्दा मी या तडजोडीत सोडून दिला. विकायचा विचार नाही. ज्याला असेल त्याने तो दावा पहिल्याच पत्रात मांडावा, सहीनंतर तो उरत नाही.

विनय, तुमचं म्हणणं मी विसरलो नाही. ४,७०० पैकी पहिले ६०० डॉलर इंधनात गेले, ऑगस्टमध्ये रेडिंगच्या दोन फेऱ्या झाल्या. फेब्रुवारीत ज्या बाईंना मी नाही म्हटलं होतं, त्यांना दुसरा वैमानिक मिळाला होता, हे दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडूनच कळलं. परतताना त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या.